लष्करखर्च आणि शेठ वालचंद

मध्यवर्ती सरकारचें अंदाजपत्रक प्रसिद्ध झालें म्हणजे आमचा पाथर्डीकर व्यापारी करांचें पान बारकाईनें वाचतो आणि लष्करखर्चाचें पान उलटून टाकतो. तो आंकडा दिल्लीचा, आपल्या पेठेचा नव्हे, अशी त्याची समजूत असते. शेठ वालचंद हिराचंद यांचें चरित्र जो वाचील, त्याची ही समजूत टिकणार नाहीं.

सन १८८२ मध्यें सोलापुरास व्यापारी जैन घराण्यांत जन्मलेल्या या पुरुषानें रा. फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेतलीं. पुढें सिंदिया कंपनीच्या द्वारें परकीय जहाजवाल्यांशीं झुंज दिली. दुसरें महायुद्ध पेटल्यावर सैन्यास विमानें लागणार हें ओळखून त्यांनीं डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर सरकारच्या साह्यानें बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. हिंदुस्थान सरकारनें विमानांची मागणी नोंदविली व भांडवलही घातलें. परंतु जपान दाराशीं येतांच सरकारचा बेत पालटला. एप्रिल १९४२ मध्यें वालचंदांचा हिस्सा सरकारनें विकत घेतला, आणि १९४३ मध्यें कारखाना अमेरिकन विमानदळाच्या दुरुस्तीकामास जुंपला गेला. कारखाना जगला, कंत्राटदाराची संधि मात्र गेली. त्यांच्या मोटारकारखान्यास तर युद्धयोजनेंत जागाच मिळाली नाहीं. शेठजी १९५३ सालीं निवर्तले.

या चरित्राचा बोध आमच्या मतें स्पष्ट आहे. लष्करी मालास गिऱ्हाईक एकच, तें म्हणजे सरकार. आणि मंजुरी एका वर्षाची, तर यंत्रसामुग्रीचें कर्ज अनेक वर्षांचें. सन २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत संरक्षणास सुमारें ६ लक्ष ८१ हजार कोटि रुपये होते; पैकीं शस्त्रास्त्रें, यंत्रें इत्यादि भांडवली खर्चास १ लक्ष ८० हजार कोटि. पगार व निवृत्तिवेतन यांचा मोठा भार वगळूनच कारखानदारानें आपली संधि मोजली पाहिजे.

जिल्ह्याच्या ठिकाणीं, अहिल्यानगरास, चिलखती दळाचें केंद्र व लष्करी वाहनांची संशोधनसंस्था आहे. मग तालुक्यांतील लेथवाल्यानें दूर कां राहावें? परंतु वालचंदांनीं जो धक्का सोसला, तो त्याला सोसवणार नाहीं. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सरकारनें खरेदीचा अनेक वर्षांचा आराखडा मराठींतही प्रसिद्ध करावा; आणि लघुउद्योगांचीं बिलें ४५ दिवसांच्या आंत चुकविण्याचें जें बंधन सन २००६ च्या कायद्यानें घातलें आहे, तें स्वतःच्या खात्यांकडून कसोशीनें पाळून घ्यावें. व्यापाऱ्यांनींही उलटलेलें तें पान पुन्हां उघडावें.