योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

मुंबई-पुणे लोहमार्गावरील लोणावळा बहुतेकांना ठाऊक आहे ते पावसाळी सहलींमुळे आणि चिक्कीमुळे. योगविद्येच्या आधुनिक इतिहासात मात्र मावळातील या गावाची नोंद निराळ्या कारणाने झाली आहे. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजण्याचे काम येथील ‘कैवल्यधाम’ संस्थेत १९२४ पासून सुरू झाले. या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळील डभोई येथे झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने शिक्षण कष्टात झाले. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्याच्या महाविद्यालयातून १९१० मध्ये ते पदवीधर झाले. याच काळात त्यांनी राजरत्न माणिकराव यांच्याकडे जुम्मादादा व्यायाममंदिरात भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रीय विचारांचा प्रभाव असल्याने पुढे त्यांनी खानदेशात अमळनेर येथे अध्यापन केले. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद पडले.

त्याआधीच, १९१९ मध्ये, त्यांना नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी हे गुरू लाभले. मुंबईत १९१८ मध्ये ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू करणारे श्री योगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. गुरूंकडून मिळालेल्या विद्येविषयी गुणे यांच्या मनात श्रद्धा होती, पण तिच्या परिणामांचे स्पष्टीकरण त्यांना शरीरशास्त्राच्या भाषेत हवे होते. म्हणून १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान बंध आणि नौली या क्रियांच्या वेळी साधकांच्या पोटाची क्ष-किरण तपासणी करविली.

त्यांच्यापुढील एक प्रश्न बस्तिक्रियेचा होता. पाण्यात बसून, कोणतेही उपकरण न वापरता गुदद्वारावाटे पाणी वर ओढून घेणे ही हठयोगातील जुनी शुद्धिक्रिया. पाणी वर चढते कसे? नौलीमध्ये पोटाच्या मध्यभागचे उभे स्नायू आकसून पुढे काढले जातात. त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब दाबमापकाने मोजला असता तो बाहेरील हवेच्या दाबाहून कमी भरला. आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो, असा उलगडा झाला. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास निर्वात’.

कैवल्यधामची स्थापना झाली त्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकोपयोगी असे त्याचे तीन विभाग होते. संस्थेच्या आणि संस्थापकाच्या नावांतही अभ्यासकाला रस वाटावा. पतंजलींच्या योगसूत्रांतील चौथा आणि अखेरचा पाद ‘कैवल्यपाद’ म्हणून ओळखला जातो. ‘कुवलय’ म्हणजे नीलकमळ. ‘कुवलयानंद’ हे अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारशास्त्रावरील प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाचेही नाव आहे. ‘मीमांसा’ हा शब्द ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून, खोलवर विचार करून केलेली चिकित्सा असा त्याचा अर्थ आहे.

ही चिकित्सा एकतर्फी नव्हती. प्राणायामामुळे शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत योगाच्या पुरस्कर्त्यांमध्ये सर्वत्र होती आणि प्रचाराला सोयीचीही होती. कुवलयानंदांच्या मोजमापांतून वेगळेच चित्र दिसले. प्राणायामात एकेक श्वास दीर्घ असला, तरी मिनिटाला घेतल्या जाणाऱ्या श्वासांची संख्या घटते. त्यामुळे तेवढ्याच वेळात मिळणारा एकूण प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक नसतो. हा निष्कर्ष त्यांनी झाकून ठेवला नाही. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या प्रमाणात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत आहे, असे मत त्यांनी मांडले. प्राणायामाची थोरवी सांगणाऱ्यानेच तिचा सर्वांत लोकप्रिय आधार काढून घ्यावा, ही गोष्ट सोपी नव्हती.

त्यांची कीर्ती लवकरच दूरवर पोहोचली. पंडित मोतीलाल नेहरूंनी त्यांचे मार्गदर्शन घेतले. १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास होऊ लागल्यावर महात्मा गांधींनीही त्यांच्या सल्ल्याने आसने करून पाहिली. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन लोणावळ्याला येऊन शिकले आणि १९३७ मध्ये त्यांचा योगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर संस्थेचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. लोणावळ्यात योगशिक्षणाचे महाविद्यालयही निघाले. आजन्म अविवाहित राहिलेल्या कुवलयानंदांचे १८ एप्रिल १९६६ रोजी निधन झाले.

मोजक्या साधकांवर केलेले त्यांचे अनेक प्रयोग आजच्या संशोधनाच्या निकषांवर अपुरे ठरतील. मात्र त्यांनी घालून दिलेला शिरस्ता टिकला. ‘योगमीमांसा’ आजही प्रसिद्ध होते. २०१९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तत्पूर्वी २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला होता. योगाविषयीचे दावे त्यामुळे जगभर पोहोचले. त्यांतील प्रत्येक दावा पारखून घेण्याची वाट मात्र लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वीच आखली गेली आहे.