विश्लेषण : नाताळच्या जेवणाची थाळी झोपडपट्टीत नेणारा ‘जनरल’, कोण होते विल्यम बूथ?

डिसेंबर लागला, की अमेरिका-युरोपातल्या बाजारपेठांत तिपाईला टांगलेले लाल भांडे दिसू लागते. शेजारी एक जण घंटी वाजवत उभा असतो. जमलेल्या पैशांतून गरिबांचा नाताळ साजरा होतो. हे भांडे ‘साल्व्हेशन आर्मी’चे, म्हणजे आपल्याकडच्या मुक्तिफौजेचे. तिचे संस्थापक विल्यम बूथ यांचे निधन १९१२ मध्ये झाले. नाताळ म्हणजे घरातला सण, ही समजूत मोडून तो रस्त्यावर आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

गहाणवटीच्या दुकानातला पोरगा

बूथ यांचा जन्म १० एप्रिल १८२९ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांचा धंदा बुडाला आणि तेराव्या वर्षी विल्यमला गहाणवटीच्या दुकानात कामाला ठेवण्यात आले. आठवडाभराचे कपडे गहाण टाकून भाकरीची सोय करणारी माणसे तो रोज पाहत होता. हे काम त्याला अजिबात आवडत नसे, पण गरिबीचा हिशेब तो तिथेच शिकला असे म्हणायला हरकत नाही.

मेथडिस्ट पंथात गेल्यावर तो रस्त्यावर उभा राहून प्रवचने देऊ लागला. त्या काळातला एक किस्सा सांगितला जातो. त्याने वस्तीतली फाटक्या कपड्यांची मुले थेट चर्चमध्ये आणून चांगल्या जागांवर बसवली. पुढच्या वेळी त्यांना मागच्या दाराने आणावे, असे त्याला बजावण्यात आले. हे मागचे दार बूथ कधी विसरले नसावेत.

तो नाताळ

१८६५ मध्ये पत्नी कॅथरीनसह त्यांनी पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात काम सुरू केले. दारूचे गुत्ते, बेकारी आणि एका खोलीत राहणारी अख्खी कुटुंबे असा तो भाग. १८६० च्या दशकाच्या अखेरचा एक नाताळ त्यांचा मुलगा ब्रॅमवेल याने आठवणींत नोंदवला आहे. सकाळी प्रवचन करून बूथ घरी आले. घरात मुलांचा सण रंगला होता, पण त्यांचे लक्ष लागेना. येताना रस्त्यात त्यांनी नाताळच्या दिवशी दारूत बुडालेली माणसे पाहिली होती. गरिबाला सणासाठी गुत्त्याखेरीज जागाच नाही, हे त्यांना खात होते. असा नाताळ पुन्हा करायचा नाही, असे त्यांनी घरच्यांना सांगून टाकले.

पुढच्या वर्षी बूथ कुटुंब वस्त्यांत विखुरले. सुमारे दीडशे पुडिंग वाटली गेली, त्यातली बरीचशी त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजली होती. ना मोठा निधी, ना समिती. घरातली माणसे आणि थोडे सहकारी, एवढाच गट.

पद्धत काय होती?

लोक चर्चमध्ये येत नसतील तर आपण कोपऱ्यावर जायचे, हे बूथ यांचे सूत्र. चार-पाच जण जमायचे, गुत्त्यात गायल्या जाणाऱ्या चालींवर भक्तिगीते म्हणायचे. बँडची सुरुवातही अशीच झाली. सॉल्सबरी गावातले बांधकाम व्यावसायिक चार्ल्स फ्राय आणि त्यांचे तीन मुलगे १८७८ मध्ये वाद्ये घेऊन सभेला आले आणि गर्दी जमली. आज नाताळात चौकात वाजणारे मुक्तिफौजेचे बँड त्या चौघांचेच वारस.

त्याच वर्षी संस्थेला ‘आर्मी’ हे नाव मिळाले आणि बूथ ‘जनरल’ झाले. गणवेश, हुद्दे, शिस्त सगळे लष्करी. इथे एक गोष्ट स्पष्ट हवी : हे नुसते अन्नदान नव्हते. धर्मप्रसार हाच मूळ हेतू होता आणि बूथ यांनी तो कधी लपवला नाही.

विरोधही झाला. गुत्तेवाल्यांच्या पाठिंब्यावर ‘स्केलेटन आर्मी’ नावाच्या टोळ्या मिरवणुकांवर दगड आणि घाण फेकत. घरातही त्यांची एकहाती हुकमत सगळ्यांना पचली नाही. बॅलिंग्टन, हर्बर्ट आणि थोरली मुलगी कॅथरीन संस्था सोडून गेले.

मुंबईत काय घडले?

१९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर यांच्यासह चौघांची तुकडी मुंबईत उतरली. टकर आयसीएसची नोकरी सोडून आले होते. पुढे ते भगवी वस्त्रे घालून अनवाणी फिरू लागले, ‘फकीर सिंग’ म्हणवून घेऊ लागले. रस्त्यावरच्या मिरवणुकांमुळे इंग्रज सरकारनेच या इंग्रजांना अटक केली. टकर यांना तुरुंगही घडला. नंतर ते बूथ यांचे जावई झाले. अहिल्यानगरचे बूथ हॉस्पिटल अनेकांना ठाऊक असेल. ते नाव बूथ यांची मुलगी इव्हँजेलिनचे.

आणि ते लाल भांडे?

ती कल्पना बूथ यांची नाही. १८९१ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले कॅप्टन जोसेफ मॅकफी यांना हजार गरिबांना नाताळचे जेवण द्यायचे होते, पण पैसे नव्हते. खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर दानासाठी ठेवलेले एक मोठे भांडे त्यांना आठवले. त्यांनी तसेच एक भांडे ओकलंडच्या फेरीबोटी लागतात तिथे टांगले. लोक बोटीतून उतरत, पैसे टाकत आणि पुढे जात. त्या वर्षीचे जेवण झाले.