खाशाबा जाधव : गोळेश्वरचा ऑलिंपिकवीर



टीव्हीवर मोटारींच्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील. वीस-बावीस वर्षांचा चालक असतो आणि त्याच्या गाडीवर, हेल्मेटवर, अंगातल्या कपड्यांवर तेलाच्या नि टायरच्या कंपन्यांची नावं चिकटवलेली असतात. ती नावं शोभेची नसतात. त्या कंपन्या खर्च उचलतात म्हणून तो पोरगा शर्यतीच्या रेषेपर्यंत पोचतो. ज्याला असं कुणी मिळत नाही, त्याच्या हातात कितीही कसब असलं तरी तो घरीच राहतो. आज आपण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ज्या खेळाडूची माहिती पाहणार आहोत, त्यांच्या अंगावर असं एकही नाव नव्हतं. लिहायचीच म्हटली असती, तर गोळेश्वरच्या शेतकऱ्यांची, कराडच्या दुकानदारांची आणि कोल्हापूरच्या एका प्राचार्यांची नावं लिहावी लागली असती.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी झाला. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. हा सगळा कृष्णाकाठ म्हणजे पैलवानांचा मुलूख. गावोगाव तालीम, यात्रेला कुस्त्यांचा फड, आणि कुंडलसारख्या गावाचं मैदान तर साऱ्या महाराष्ट्रात गाजलेलं. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांच्या हाताखालीच त्यांनी पहिले डाव शिकले. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचंही मार्गदर्शन त्यांना मिळालं.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं. १९४२ ला 'चले जाव' चळवळ सुरू झाली, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं अशी कामं खाशाबांनी केली. म्हणजे अभ्यास, तालीम आणि चळवळ, तिन्ही एकाच वयात! (तुमच्या वयाची मुलं होती ती, एवढं फक्त लक्षात ठेवा.)

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. इथली एक हकीकत नेहमी सांगितली जाते. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी पाहून नकार दिला. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आत, अंगकाठी सडपातळ. पैलवान म्हटला की डोळ्यांसमोर जो आडदांड देह येतो, तसं काहीच नव्हतं. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडग्या मुलांना पाडून दाखवलं. त्यांचा हुकमी डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घट्ट पकडायची आणि त्याला कमरेवरून उचलून आपटायचं. ताकदीपेक्षा वेळ साधण्याचा हा डाव आहे, म्हणूनच तो त्यांच्या अंगात बसला असावा असं मला वाटतं.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि खाशाबा साता समुद्रापार गेले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपली कुस्ती तांबड्या मातीतली. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवलेलं असतं. पाठ जमिनीला लागली की चितपट, निकाल लागला. वेळेचं बंधन नसायचं. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची. पाय रोवायला माती नाही, घड्याळ चालू, आणि पंच गुण मोजणार. ज्यानं आयुष्यभर मातीत पाय घट्ट केले, त्याला त्या मऊ गादीवर उभं राहणंसुद्धा नव्यानं शिकावं लागतं. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तंत्र शिकवलं. ५२ किलो वजनगटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले. पहिल्याच खेपेला जगात सहावा! घरी परतल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांची तयारी सुरू केली, आणि या वेळी वजनगटही वाढवून ५७ किलोचा घेतला.

खरी लढत मात्र हेलसिंकीला पोचण्याआधीच सुरू झाली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणानं त्यांना मागे ठेवण्यात आलं. निवड हातची गेली. आपल्यावर अन्याय झाला आहे, असं खाशाबांना वाटलं. दुसरा असता तर नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळाडू आणि खेळाचे जाणकार. त्यांनी निरंजन दास या मल्लाशी पुन्हा कुस्ती लावून दिली. खाशाबांनी त्याला अस्मान दाखवलं. मग नाव यादीत आलं.

नाव आलं, पण पैसे कुठं होते? सरकारकडे वारंवार अर्ज करूनही जे हाती आलं ते पुरेसं नव्हतं. मग घरचे लोक आणि गावकरी घरोघर फिरले. गोळेश्वरनं आपल्या परीनं दिलं, कराडच्या व्यापाऱ्यांनी दिलं. सगळ्यात मोठी रक्कम आली ती राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांकडून. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. मित्रांनो, १९५२ सालचे सात हजार! विद्यार्थी जिंकेल याची खात्री कोण देणार होतं? शिक्षक म्हणून मी ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा इथे जरा थांबतोच. आम्ही मुलांना शाबासकी देतो, फार तर एखादं पुस्तक देतो. घर गहाण टाकणं ही वेगळीच गोष्ट.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँला आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चितपट केलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मित्झवर गुणांनी मात केली. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह हे दोन तगडे मल्ल आले. इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीला उभं राहायला सांगितलं गेलं. त्यांच्या बाजूनं बोलायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगानं ते उतरले आणि मम्मदबेयोव्हकडून हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्हना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, यावर कराडच्या पारावर अजूनही वाद होऊ शकतो.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघानं सुवर्णपदक मिळवलं, त्यामुळे देशभर कौतुक झालं ते जास्त करून हॉकीचं. पण आपल्या भागानं मात्र आपल्या माणसाचं स्वागत कसं केलं ते ऐका. कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ते ओगलेवाडीला आहे. तिथून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, वाटेत जागोजागी ओवाळणी. एरवी थोडक्या वेळात संपणाऱ्या त्या वाटेला म्हणे सात तास लागले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं गहाण घर सोडवून दिलं. पदकाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ही फार थोड्यांना.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाता आलं नाही. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, तरुण पोलिसांना कुस्ती शिकवली आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, एवढंच काय ते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० साली त्यांचं नाव मिळालं.

आता थोडा हिशेब करा. खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं १९९६ मध्ये, अटलांटाला, लिअँडर पेसकडून. मधे किती वर्षं गेली? कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये सुशील कुमारचं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक २०२४ च्या पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, नेमबाजीत. वजाबाकी तुम्हीच वहीत करा.

कधी कराडला प्रीतिसंगमावर गेलात, तर गोळेश्वर तिथून जवळच आहे. जाधवांच्या घराचं नाव विचारायची गरज पडत नाही. ते 'ऑलिंपिक निवास' आहे.