योहान तोरबेके : हॉलंडच्या राज्यघटनेचे शिल्पकार

शाळेत इतिहास शिकताना १८४८ हे साल आपल्यापैकी अनेकांनी पाठ केले असेल. त्या वर्षी फेब्रुवारीत पॅरिसच्या जनतेने राजाला पळवून लावले. मार्चमध्ये व्हिएन्ना व बर्लिनच्या रस्त्यांवर रक्त सांडले. मात्र थोड्याच काळात बहुतेक ठिकाणी जुन्या सत्ता पुन्हा डोके वर काढून बसल्या. छोट्याशा हॉलंडमध्ये वेगळेच घडले. तेथे फारसा दंगा न होता राजाची सत्ता कमी झाली, ती कायमचीच. याचे श्रेय योहान रुडोल्फ तोरबेके या प्राध्यापकांना जाते.

तोरबेके यांचा जन्म १४ जानेवारी १७९८ रोजी झ्वोल या गावी झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाल्यामुळे घरात ओढाताण होती, तरी मुलाचे शिक्षण त्यांनी थांबवले नाही. १८२० साली लायडन येथे पदवी मिळवून तोरबेके काही वर्षे जर्मनीत राहिले. १८२५ मध्ये त्यांना गेंट येथे प्राध्यापकाची जागा मिळाली. तेव्हा बेल्जियम व हॉलंड यांचे एकच राज्य होते. १८३० साली बेल्जियमने बंड केले आणि तोरबेके यांची नोकरी गेली. क्रांतीची पहिली झळ त्यांना अशी लागली. पुढच्या वर्षी ते लायडनला प्राध्यापक झाले.

तेथे त्यांनी देशाच्या राज्यघटनेचा कसून अभ्यास केला व १८३९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या वेळी मंत्री राजाला जबाबदार असत, लोकसभेला नव्हे. लोकसभेचे सभासदही जनता थेट निवडत नसे. १८४४ साली तोरबेके व त्यांच्या आठ सहकाऱ्यांनी घटनादुरुस्तीची सूचना मांडली. ती फेटाळली गेली, पण ते खचले नाहीत.

चार वर्षांनी शेजारची सिंहासने डळमळू लागली, तसा राजा विलेम दुसरा घाबरला. मंत्र्यांना न विचारताच त्याने सुधारणांना होकार दिला आणि १७ मार्च रोजी पाच जणांची समिती नेमली. तोरबेके तिचे अध्यक्ष झाले. इतर देशांत क्रांती झाल्यावर लोक वाद घालत बसले. येथे मात्र बराचसा आराखडा आधीच तयार होता, म्हणून महिनाभरात मसुदा पुरा झाला. ३ नोव्हेंबर १८४८ रोजी नवी घटना जाहीर झाली. मंत्री लोकसभेला जबाबदार झाले, थेट निवडणूक आली, सभा व संघटना यांचे स्वातंत्र्य मिळाले.

तरीही एक उणीव राहिली. ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते. सुमारे तीस लाखांच्या देशात मतदार एक लाखही नव्हते. मजुरांच्या वाट्याला काही आले नाही.

तोरबेके तीन वेळा सरकारचे प्रमुख झाले. १८५१ चा नगरपालिका कायदा आणि १८६३ चा माध्यमिक शिक्षणाचा कायदा ही त्यांची मोठी कामे. १७९६ पासून कागदावर समान हक्क असलेल्या यहुद्यांपैकी मिखेल गोडफ्रॉय हे १८६० साली न्यायमंत्री झाले, तेही याच घटनेखाली.

१८७१ मध्ये सापेमेर गावच्या यहुदी डॉक्टरांची मुलगी अलेटा याकोब्स हिने तोरबेके यांना पत्र लिहिले. तिला विद्यापीठात वैद्यक शिकायचे होते. मुलींना तेथे जागा नव्हती. वृद्ध मंत्र्यांनी एक वर्षाची परवानगी दिली व मृत्यूच्या थोडे आधी ती कायम केली. ४ जून १८७२ रोजी ते वारले.

अलेटा देशातील पहिली स्त्री डॉक्टर झाली आणि पुढे स्त्रियांच्या मतासाठी झगडली. पुरुषांना सरसकट मत १९१७ साली आणि स्त्रियांना १९१९ साली मिळाले. तोरबेके यांनी जे दार अर्धेच उघडले होते, ते पूर्ण उघडण्यास त्यांनीच परवानगी दिलेल्या मुलीचा हात लागला. संधी क्वचितच येते. ती येईल त्या दिवशी ज्याचा अभ्यास झालेला असेल, त्याच्याच हातून काम होते.