रिकाम्या रकान्यांचा द्रष्टा : मेंडेलीव्ह

शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्याला दुरूनच नमस्कार केला होता. पुढे सरकारी नोकरीत रकाने भरता भरता केस पिकले, तेव्हा कोठे या तक्त्याच्या कर्त्याविषयी कुतूहल जागे झाले; कारण त्याची खरी थोरवी रकाने भरण्यात नसून काही रकाने रिकामे ठेवण्यात होती. रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह यांचा हा अल्प परिचय.

सायबेरियातील तोबोल्स्क गावी ८ फेब्रुवारी १८३४ रोजी, मोठ्या कुटुंबातील शेंडेफळ म्हणून त्यांचा जन्म झाला. वडील तेथील विद्यालयाचे प्रमुख. परंतु त्याच सुमारास त्यांची दृष्टी गेली व नोकरीही सुटली. आई मारिया हिने माहेरच्या काचेच्या कारखान्याचा भार शिरावर घेऊन संसार चालविला. १८४७ साली वडील निवर्तले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत भस्मसात झाला. तरीही न खचता ती माउली मुलाला घेऊन मॉस्कोला गेली. तेथील विद्यापीठाची दारे उघडली नाहीत, तेव्हा तिने पीटर्सबर्ग गाठले. तेथील अध्यापक-प्रशिक्षण संस्थेत १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला आणि कार्य संपल्याप्रमाणे त्याच वर्षी तिने देह ठेवला. द्रावणांवरील आपला १८८७ चा ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी तिच्याच स्मृतीस अर्पण केला.

१८६० साली कार्ल्सरूहे येथील परिषदेत इटालियन शास्त्रज्ञ कॅनिझारो यांचे अणुभारविषयक विचार त्यांना कळले. पुढे पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक असताना पाठ्यपुस्तक लिहिताना अडचण उभी राहिली : त्या काळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत? १८६९ च्या आरंभी उत्तर सापडले. मूलद्रव्ये वाढत्या अणुभारानुसार मांडली असता ठराविक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा प्रकट होतात. म्हणूनच आजच्या तक्त्यात आडव्या ओळींना ‘आवर्त’ म्हणतात, तर उभ्या स्तंभात लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशी एका कुळातील भावंडे येतात. त्यांना ‘गण’ म्हणतात.

जेथे क्रम आणि कूळ यांचे जमेना, तेथे मेंडेलीव्ह यांनी कुळाची बाजू घेतली. टेल्युरियम आयोडीनहून जड असूनही त्यांनी त्याला आधी बसविले. जेथे योग्य मूलद्रव्य मिळेना, तेथे जागा मोकळी सोडली. इतकेच नव्हे, तर १८७१ साली त्या अनुपस्थितांचे गुणधर्मही लिहून ठेवले. त्यांना नावे देताना त्यांनी आपल्या संस्कृतमधील ‘एक’ हा शब्द उपसर्ग म्हणून घेतला : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन.

भाकीत चुकले असते, तर आयुष्यभराची प्रतिष्ठा धुळीस मिळाली असती. १८७५ साली फ्रान्समध्ये बोआबोद्रां यांना गॅलियम सापडले. त्यांनी घनता ४.७ सांगितली, मेंडेलीव्ह यांनी मात्र ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, असा आग्रह धरला. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजता ती ५.९ च भरली! पुढे १८७९ मध्ये स्कॅन्डियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले व उरलेले दोन रकानेही भरले.

त्यांचे सारेच अंदाज खरे ठरले असे नाही. इलेक्ट्रॉनची कल्पना त्यांना अखेरपर्यंत रुचली नाही. आणि मूलद्रव्यांच्या क्रमाचा खरा आधार अणुभार नसून अणुक्रमांक आहे, हे मोझ्ली यांनी १९१३ साली दाखविले. त्यामुळे टेल्युरियमचे कोडेही सुटले. पण सारणी मोडली नाही, उलट भक्कमच झाली.

१८९० साली विद्यार्थ्यांचा अर्ज शिक्षणमंत्र्यांकडे नेल्यावर तो परत करण्यात आला, तेव्हा त्यांनी प्राध्यापकपद सोडले. १८९३ पासून वजने व मापे यांच्या सरकारी कार्यालयाची धुरा त्यांनी निष्ठेने वाहिली. २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. पण १९५५ साली निर्माण झालेल्या १०१ व्या मूलद्रव्यास ‘मेंडेलीव्हियम’ हे नाव मिळाले. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये असून सातही आवर्त पूर्ण झाले आहेत.

आपणांस जे ठाऊक नाही त्याची जागा प्रामाणिकपणे राखून ठेवणे, हीदेखील विद्येची एक कसोटीच आहे. त्या कसोटीस उतरलेल्या या ऋषितुल्य पुरुषास आणि त्याला घडविणाऱ्या त्या मातेस विनम्र अभिवादन.