सर्कसवाले विष्णुपंत छत्रे आणि त्यांचे गाणे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सचिवांचा आग्रह झाला. बँकेत उभा जन्म गेला, त्यामुळे धंदेवाली माणसे पुष्कळ पाहिली. पण धंदा सांभाळून गाणे जपणारा म्हटले की मला कै. विष्णुपंत छत्रेच आठवतात. ते काही आपल्या वऱ्हाडातले नव्हेत, सांगलीकडच्या अंकलखोपचे. तरी खामगाव-मलकापूरला सर्कशीचा तंबू लागला की हट्ट धरणारी आपली पिढी त्यांची ऋणी आहेच.

त्यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा. तरुणपणी वेड दोनच, घोडे आणि गाणे. दोन्हींसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले आणि ख्यालगायकीतले मोठे उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडे गाणे. खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांच्याशी तिथेच स्नेह जडला.

पोटासाठी मात्र त्यांनी घोडेच धरले. १८७९ मध्ये कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. असला खेळ हिंदी माणसाला जमायचा नाही, असे तो म्हणाल्याचे सांगतात. विष्णुपंतांना ते लागले. कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा आश्रय होताच. १८८० मध्ये त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. ही हिंदी माणसाने काढलेली पहिली सर्कस. पुढे ती सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत गेली. केरळात थलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिक्कण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली आणि तिकडून सर्कशीला कसलेले कलावंत मिळू लागले.

हा धंदा मोठा जोखमीचा. पाऊस पडो की खेळ बंद राहो, जनावरांचा दाणावैरण आणि माणसांचे जेवण चुकत नाही. आमच्यासारख्याने कर्ज देताना दहादा विचार केला असता.

आता गाण्याकडे येतो. हद्दू खाँ १८७५ मध्ये वारले. त्याआधीच रहिमत खाँचे भाऊ गेले होते. रहिमत खाँचे मन पार विस्कटले, अफूची सवय जडली. सर्कस काशीला असताना गुरूंचा हा मुलगा विष्णुपंतांना अगदी दीनवाण्या स्थितीत सापडला, असे सांगतात. त्यांनी त्याला सोबत घेतले ते कायमचेच. खाँसाहेब भारी लहरी; मनात आले तर गाणार, नाहीतर नाही. तरी सर्कस जाईल तिथे ते सोबत असत आणि त्यांचे खाणेपिणे, कपडेलत्ते, सगळे सर्कशीच्या मिळकतीतून चाले.

१९०५ मध्ये विष्णुपंत वारले. बंधू काशीनाथपंतांनी खाँसाहेबांना अंतर दिले नाही. १९२० च्या सुमारास त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच ते गेले. अब्दुल करीम खाँसारख्या थोर गायकावर त्यांच्या गाण्याची छाप पडली.

आयुष्यभर ताळेबंद जुळवणारा मी. पण हा खर्च कोणत्या खात्यात टाकावा, हे मला अजून उमगलेले नाही. विष्णुपंतांना गायक म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. मात्र त्यांनी हात दिला नसता, तर तो आवाज काशीच्या रस्त्यावरच विरून गेला असता. त्या जुन्या ध्वनिमुद्रिका आता मोबाईलवरही मिळतात. जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या आहेत, खरखरही आहे. नातवंडांना लावून द्यायला सांगा आणि तंबूवाल्या विष्णुपंतांची गोष्ट त्यांना अवश्य सांगा.