सर्पगंधेला जगाच्या दरबारात नेणारे डॉ. रुस्तम वकील

सन १९५७. सर्दी-अ‍ॅलर्जीवरील अँटिहिस्टामिन औषधांचा पाया घालणारे डॅनियल बोव्हे त्या वर्षी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या लास्कर पुरस्काराच्या यादीत मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचे नाव होते : डॉ. रुस्तम जाल वकील.

१९११ साली जन्मलेल्या या पारशी डॉक्टरांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात रुग्णसेवा केली. उच्च रक्तदाबावर तेव्हा विश्रांती आणि गुंगीच्या गोळ्या यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. सर्पगंधेचे मूळ मात्र आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. बिहारात तर ते वेडावरचे औषध म्हणूनच ओळखले जाई. भारतीय वैद्यांनी व रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ पासून त्यावर लिहिलेही होते. पण परदेशात त्याची दखल कोण घेणार?

वकिलांनी ५० रुग्णांना हे औषध दिले, रक्तदाबाच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनस्पती त्यांनी शोधली नव्हती. तिच्या गुणाचा पुरावा जगाला समजेल अशा भाषेत मांडला, हे त्यांचे खरे कर्तृत्व. तो निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी चाचण्या हाती घेतल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातील रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे काढले, तर १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवले.

अँटिहिस्टामिन हे हिस्टामिनची पेशीवरील जागा अडवते. रिसर्पिनची तऱ्हा निराळी. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन साठवणाऱ्या पिशव्या भरू न देता ते साठाच रिता करते; परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामिनही त्यातून सुटत नाहीत. म्हणून मन शांत होते, परंतु मोठ्या मात्रेने काहींना नैराश्यही आल्याच्या नोंदी झाल्या. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले.

वकिलांसोबत लास्कर मिळवणाऱ्यांत फ्रान्सचे शल्यविशारद आंरी लाबोरी होते. प्रोमेथाझिन या अँटिहिस्टामिनवरील त्यांच्या प्रयोगांतूनच मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझिनची वाट निघाली होती. १९५८ मध्ये भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.